गावाने उभारलेले नाट्यगृह

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. शाहू महाराजांच्या काळातील १९१५ ची ही वास्तू पूर्ववत उभी राहावी म्हणून कलावंत आणि नागरिक एकवटले. शासनानेही निधी जाहीर केला. हे योग्यच झाले.

परंतु आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत दरवर्षी नाट्यगृह उभारले जाते आणि मोडले जाते, त्याची दखल कोण घेतो? धानाची कापणी आटोपून मंडई भरू लागली, की गावचे मंडळ वडशाच्या नाटक कंपनीशी ठराव करते, मोकळ्या जागेत रंगमंच बांधते, तिकिटे विकते. दंडार आणि खडी गंमत यांच्या मुलखातले हे नाटक पहाटेपर्यंत चालते. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे पुण्या-मुंबईच्या अनेकांना झाडीपट्टी ठाऊक झाली!

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर येथे भांडवलही गावाचे आणि जोखीमही गावाचीच. अवकाळी पावसाने खेळ बुडाला तर तोटा सोसणार कोण? मंडळातला अल्पभूधारक शेतकरीच.

जिल्ह्याच्या ठिकाणी वातानुकूलित सभागृह बांधून हा प्रश्न सुटणारा नाही. त्याच्या भाड्यातच गावचे मंडळ बुडेल. आपली मागणी थोडकी आहे : गावठाणात नाटकासाठी राखीव जागा, वीज, स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे आणि बुडालेल्या खेळाला विम्याचे संरक्षण. जिल्हा वार्षिक योजनेत यासाठी तरतूद व्हावी, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेने येत्या हंगामापूर्वी करून पाठवावा.