पाहुण्या पक्ष्यांची शिरगणती

(केंद्रसंमेलनातील भाषण)



पौषाच्या थंडीत गावतळ्याकाठच्या चिखलात चिमणीएवढे करडे पक्षी लगबगीने चोची खुपसताना आपण पाहिले असतील. त्यांतील छोटा टिलवा वजनाने जेमतेम दोन-अडीच तोळ्यांचा; परंतु त्याची वीण होते ती उत्तर ध्रुवाकडील सैबेरियात. तेथून हजारो मैल उडून तो आपल्याकडे हिवाळ्यास येतो. असा पाहुणा कोणा एका देशाचा नसतो. म्हणून त्याची मोजदादही एका देशाने करून भागत नाही.

याच विचाराने १९६७ साली आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना सुरू झाली आणि १९८७ साली भारतीय उपखंडात आशियाई गणनेचा आरंभ झाला. दर जानेवारीत अनेक देशांतील स्वयंसेवक ठरलेल्या पंधरवड्यात आपापल्या पाणवठ्यावर जाऊन पक्षी मोजतात. वेळ एकच ठेवण्याचे कारण उघड आहे. एकच थवा आज या तळ्यावर आणि महिन्याने त्या तळ्यावर मोजला गेला, तर एकाचे दोन होतात.

या आकड्यांना मोल आहे. एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी शेकडा एक पक्षी एखाद्या जागी नियमाने येत असतील, अथवा तेथे नियमाने २०,००० पाणपक्षी जमत असतील, तर १९७१ च्या रामसर करारान्वये ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. आपल्या राज्यातील नांदूर मधमेश्वर आणि ठाण्याची खाडी या यादीत आहेत.

मोजण्याची रीत सोपी आहे. दरवर्षी तीच जागा, तोच काठ. लहान थवा एकेक करून मोजावा. मोठा असल्यास दहा पक्ष्यांचा गट नजरेत धरून तसे किती गट होतात ते पाहावे. समुद्रकाठी भरतीची वेळ साधावी. चिखल पाण्याखाली गेला की पक्षी उंचवट्यावर एकत्र येतात. त्यांना उठवू नये. जात ओळखता आली नाही, तर तसे प्रांजळपणे लिहावे.

येथे माझी एक चूक सांगतो. तरुणपणी एका खेड्यात शिक्षक असताना मी मुलांना घेऊन गणनेस गेलो. त्या वर्षी तळे आटले होते. एकही पक्षी नव्हता. एका मुलीने विचारले, “गुरुजी, शून्य लिहू का?” मी म्हणालो, “राहू दे.” रिकामा कागद पाठविण्याची मला लाज वाटली. कागद न पाठविणे म्हणजे ‘कोणी पाहिले नाही’ आणि शून्य म्हणजे ‘पाहिले, परंतु पक्षी नव्हते’, हा भेद त्या मुलीस कळला होता. मला कळला नव्हता. त्या तळ्याच्या नोंदीत ते वर्ष आजही कोरे आहे.

हजेरीपटावर गैरहजर मुलाची खूण आपण टाळीत नाही. तीच सचोटी येथे हवी. येत्या जानेवारीत मुलांना काठापासून सुरक्षित अंतरावर उभे करा, मोजू द्या आणि जे दिसेल तेच लिहू द्या. गणिताचा आणि सत्याचा पाठ एकाच वेळी होईल.