केसपेपरवर भुकेला रकाना नाही

(जामसर, ता. जव्हार इथं तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आज मी एका स्पॅनिश शब्दाबद्दल बोलणार आहे. हसा खुशाल. इथं पावसाळ्यात घरातली नागली संपते आणि हा बाबा परदेशी शब्द घेऊन आलाय, असं वाटणारच. पण ऐका. शब्द कामाचा आहे.

शब्द आहे 'तेस्तिमोनियो'. म्हणजे साक्ष. लॅटिन अमेरिकेत ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, त्यांनी आपलं जगणं बोलून सांगितलं, दुसऱ्यानं उतरवून घेतलं. क्यूबातल्या 'कासा दे लास अमेरिकास' या संस्थेनं १९७० साली आपल्या पुरस्कारांत या लेखनासाठी वेगळा विभागच केला. ग्वाटेमालातल्या रिगोबेर्ता मेंचू या माया आदिवासी बाईनं १९८२ साली पॅरिसमध्ये आपली हकीकत सांगितली, १९८३ साली तिचं पुस्तक झालं. मळ्यांवर राबणारी माणसं, उपाशी पोरं, लष्करानं मारलेली घरची माणसं, सगळं त्यात आहे. ती 'मी' म्हणते, पण बोलते जमातीच्या वतीनं. साधं आत्मचरित्र आणि साक्ष यात फरक तो हाच.

१९९२ साली तिला शांततेचं नोबेल मिळालं. आणि त्याच १९९२ साली आपल्याच जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीला, शंभरावर पोरं कुपोषणानं गेली. आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण त्या आयांपैकी एकीचं तरी म्हणणं, तिच्याच शब्दांत, तुमच्यापैकी कुणी वाचलंय?

पोर दवाखान्यात नेलं की केसपेपर निघतो. नाव, वय, वजन, आजार. पोर गेलं तर कारण लिहितात न्यूमोनिया, नाहीतर हगवण. ते खोटं नाही. उपाशी अंगाला रोगाशी झुंजता येत नाही, साधी हगवणही पोराला घेऊन जाते. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की जगात पाच वर्षांखालची जी पोरं मरतात, त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या मागं कुपोषण असतं. पण केसपेपरवर भुकेला रकाना नाही. आई गरोदरपणी वीटभट्टीवर कितव्या महिन्यापर्यंत विटा वाहत होती, तिला रकाना नाही. घरात सगळ्यांच्या शेवटी कोण जेवतं, तिला तर नाहीच नाही.

हा रकाना आपल्या बायांनी फार आधी भरलाय. १८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या पोरीनं 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला. फुल्यांच्या शाळेत शिकणारी पोर. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील, हे तिनं विचारलं. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून लिहिलं, १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपानं आलं. महारवाड्यातली बाळंतीण उपाशीपोटी कशी पडून राहायची, हे त्यात आहे. कुठल्या डॉक्टरच्या पुस्तकात आहे ते?

पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे नावाच्या प्राध्यापिका होत्या. समाजशास्त्र आणि स्त्री-अभ्यास शिकवायच्या. स्वतः दलित नव्हत्या. २००६ साली त्यांनी दलित बायांच्या आत्मकथनांवर इंग्रजीत पुस्तक केलं आणि या कथनांना तोच स्पॅनिश शब्द लावला, तेस्तिमोनियो. का? कारण ही एकेका बाईची रडगाणी नाहीत, ही समाजाची साक्ष आहे, एवढं वाचणाऱ्याला कळावं म्हणून. २०१३ साली त्या गेल्या. शब्द आपल्याकडं ठेवून गेल्या.

आता डॉक्टरी शिक्षणातही वारं फिरतंय. रोग्याशी बोलावं कसं, त्याचं ऐकावं कसं, हे २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आलंय. चांगलं आहे. विद्यापीठात स्पॅनिश साहित्याचं खातं वेगळं, बायकांच्या प्रश्नांचं वेगळं, आरोग्याचं वेगळं. पण जामसरच्या बाईच्या अंगात ही तिन्ही खाती एकाच वेळी दुखतात.

मग करायचं काय? वही घ्या. आजी, आई, दाई, भट्टीवरून आलेली वहिनी, यांच्यापुढं बसा आणि लिहा. पण दोन गोष्टी ध्यानात धरा.

पहिली. मेंचूच्या पुस्तकावर सुरुवातीला लेखक म्हणून नाव छापलं गेलं ते मुलाखत घेणाऱ्या बाईंचं. जिनं भोगलं ती आत, जिनं लिहिलं ती मुखपृष्ठावर. आपण असं करायचं नाही. लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं. ती म्हणाली 'हे काढ', तर काढायचं. वारलीत, कोकणीत, कातकरीत बोलली तर तसंच ठेवायचं. पुण्यामुंबईच्या मराठीत धुऊन काढायचं नाही. हे मी मलाही सांगतोय. मी दलित, तुम्ही आदिवासी. तुमच्या वतीनं बोलायचा परवाना मला कुणी दिलेला नाही.

दुसरी. १९९९ साली एका अमेरिकी संशोधकानं मेंचूच्या काही प्रसंगांवर शंका घेतली आणि विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं. म्हणून पाहिलेलं वेगळं लिहा, ऐकलेलं वेगळं. तारीख लिहा, पाऊस किती दिवस होता ते लिहा, घरात धान्य किती होतं ते लिहा. आपली साक्ष कुणी उलटतपासणीला घेतली तर टिकली पाहिजे.

वह्या मी आणल्यात. त्या कोऱ्या परत न्यायला मी आलेलो नाही.