लाइट आली तरी मोटरीला थोडे थांबू द्या
(आकाशवाणीवरील शेती कार्यक्रमातील भाषण)



रब्बीत आपल्या उमरगा तालुक्याच्या काळ्या रानात हरभरा असतो, शाळू असतो आणि ज्याच्या विहिरीला किंवा बोअरला पाणी टिकते त्याचा ऊसही असतो. ऑक्टोबरात पेरलेला हरभरा डिसेंबरच्या सुमारास फुलोऱ्यात येतो. फुलोरा येताना एक पाणी आणि घाटे भरताना दुसरे पाणी, ही दोन पाणी वेळेवर मिळाली तर पीक साधते. नेमक्या याच दिवसांत गावोगाव एक बातमी ऐकू येते : "डीपी जळाली." मग विहिरीत पाणी असते, मोटर धड असते, पण रान कोरडे राहते. डीपी बदलून येईपर्यंत दहा-बारा जणांचा खोळंबा होतो आणि फुलोरा काही कोणासाठी थांबत नाही.

डीपी म्हणजे विजेचे रोहित्र. ते जळण्याची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक कारण मात्र आपल्याच स्टार्टरच्या पेटीत बसलेले असते. ते म्हणजे साधा ऑटो स्विच. आज त्याविषयी आणि त्यावरच्या सोप्या उपायाविषयी बोलू.

ऑटो का लावावा लागला?

ऑटो लावणारा शेतकरी आळशी असतो असे मुळीच नाही. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज पाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत लाइट किती वाजता येईल आणि मध्येच किती वेळा जाईल याचा भरवसा नसतो. थंडीत, अंधारात, साप-विंचवाच्या वाटेने प्रत्येक वेळी विहिरीपर्यंत जायचे कोणी? म्हणून ऑटो आला. लाइट आली की तो आपोआप स्टार्टर ओढतो आणि मोटर सुरू होते. दारे धरणारा माणूस रानात असतो, विहिरीवर कोणी नसले तरी भागते.

सोय खरीच आहे. पण एका डीपीवरच्या सगळ्यांनीच ती केली की काय होते, ते हिशेबाने पाहू.

हिशेब मांडून पाहू

5 अश्वशक्तीची मोटर चालू असताना साधारण 8 अँपिअर करंट घेते. 63 केव्हीएची डीपी सुमारे 84 अँपिअर देऊ शकते. म्हणजे अशा दहा मोटरी चालल्या तर 80 अँपिअर झाले. डीपी भरली, पण चालली.

आता सुरू होतानाचे पाहा. थांबलेली मोटर फिरायला लागते तेव्हा ती नेहमीच्या सुमारे सहापट करंट ओढते. भरलेली बैलगाडी जागची हलवताना बैलांना जसा जोर लावावा लागतो, तसेच हे आहे. एकदा चाक फिरले की जोर कमी लागतो. 5 अश्वशक्तीच्या मोटरीला सुरू होताना 48 अँपिअर लागले, तर दहा मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्यावर 480 अँपिअर होतात. डीपीची ताकद 84 ची आणि मागणी 480 ची!

तुम्ही म्हणाल, हे दोन-चार सेकंदांचे काम आहे, तेवढे डीपी सोसेल. एक मोटर असेल तर सोसेल. पण दहा एकदम लागल्या की व्होल्टेज पडते. व्होल्टेज शंभराचे सत्तरावर आले, तर मोटरीचा फिरवण्याचा जोर सत्तरावर येत नाही, तो निम्म्यावर येतो. मग मोटर वेग घेत नाही, नुसती गुरगुरत राहते आणि सुरू होतानाचा मोठा करंट ओढतच राहते. दोन सेकंदांचे काम अर्ध्या मिनिटावर जाते. डीपीचे तेल तापते, आतल्या वेटोळ्याचे आवरण करपते. इकडे आपल्या मोटरीचे वाइंडिंगही तापते.

पुढे काय होते तेही आपल्याला ठाऊक आहे. फ्यूज उडतो. फ्यूज उडाला म्हणजे त्याने आपले काम केले, डीपी वाचवली. पण रात्री कोणीतरी जातो आणि फ्यूजच्या तारेऐवजी जाड तार गुंडाळून येतो. आता फ्यूज उडायचा थांबला, आता डीपीच उडणार. शिवाय असे प्रकार एका फीडरवर अनेक डीपींवर एकदम झाले, तर सबस्टेशनात फीडर बंद पडतो. लाइट जाते. थोड्या वेळाने पुन्हा येते, पुन्हा सगळे ऑटो एकदम ओढतात, पुन्हा जाते. आठ तासांच्या पाळीतला तासभर असाच वाया जातो आणि दोष मात्र आपण लाइटलाच देतो.

राज्य शासनाच्या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे. त्यामुळे बिलाची चिंता कमी झाली. पण जळालेल्या डीपीमुळे गेलेले पाणी आणि भरावे लागणारे वाइंडिंग, हा खर्च आजही आपल्याच पदरचा आहे.

उपाय : थांबून सुरू करणारा टाइमर

ऑटो स्विच काढून टाका आणि कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना करत आले आहे. ते आवाहन योग्यच आहे. ज्याला जाऊन हाताने बटण दाबणे शक्य आहे, त्याने ऑटो लावूच नये. दिवसाच्या पाळीत तर त्याची गरजच नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून जिथे दिवसा वीज मिळू लागली आहे, तिथे ऑटो काढून ठेवायला हरकत नाही. मोबाइलवरून चालू-बंद होणारे स्टार्टरही मिळतात. घरून फोन लावून मोटर सुरू करता येते.

पण रात्रीच्या पाळीत ज्याचे ऑटोशिवाय अगदीच अडते, त्याने निदान साधा ऑटो ठेवू नये. लाइट आल्यावर ठरावीक वेळ थांबून मग स्टार्टर ओढणारा टाइमर असलेला ऑटो घ्यावा. बसवण्याआधी महावितरणच्या आपल्या शाखा कार्यालयात विचारावे आणि काम जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे.

इथे एक घोटाळा होतो, तो टाळा. बाजारात टाइमर दोन तऱ्हेचे आहेत. एक घड्याळाचा. घरात पाणी तापवायच्या गिझरला लावतात तो हा. पहाटे साडेपाचला चालू, सहाला बंद. 15 लिटरच्या, 2 किलोवॅटच्या गिझरला 20 अंशांचे पाणी 60 अंशांपर्यंत तापवायला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात आणि सुमारे पाऊण युनिट वीज लागते. त्यापुढे गिझर चालू ठेवला तर निवलेले पाणी पुन्हा पुन्हा तापवण्यात वीज जाते. म्हणून घरी हा टाइमर चांगला. फक्त तो 16 अँपिअरचा घ्यावा. आत बॅटरी नसेल तर लाइट गेली की त्याचे घड्याळ थांबते आणि वेळ मागे पडते, हेही ध्यानात ठेवावे. शेजारच्या घरांनी गिझरच्या वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढे-मागे ठेवल्या, तर गावठाणाच्या डीपीवरचा सकाळचा भारही वाटला जातो.

हा घड्याळाचा टाइमर शेतातल्या मोटरीला उपयोगी नाही, कारण लाइटची पाळी बदलते. मोटरीला हवा तो दुसऱ्या तऱ्हेचा. तो घड्याळ पाहत नाही. लाइट आली की मोजायला लागतो, ठरवलेली सेकंदे भरली की मोटर सुरू करतो. मध्येच लाइट गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे लाइट लपंडाव खेळत असली तरी मोटरीला दर वेळी झटका बसत नाही.

एका डीपीचे सगळे मिळून ठरवा

टाइमर एकट्याने लावून पुरा फायदा नाही. सगळ्यांनी लावला आणि सगळ्यांनी एकच वेळ ठेवली, तर दहाही मोटरी मिनिटभर थांबून पुन्हा एकदमच सुरू होतील! म्हणून एका डीपीवरच्या सगळ्यांनी पारावर बसून क्रम ठरवावा. तो असा :

लाइट आल्यावर पहिले एक मिनिट कोणीच मोटर सुरू करायची नाही, व्होल्टेज स्थिर होऊ द्यायचे. पहिल्या मोटरीला 60 सेकंद, दुसरीला 90, तिसरीला 120, असे 30-30 सेकंदांनी वाढवत जायचे. दहाव्या मोटरीला 330 सेकंद येतात. टाइमर घेताना तो एवढा वेळ थांबू शकतो ना, हे दुकानात पाहूनच घ्यावा. प्रत्येकाने आपला क्रमांक आणि सेकंद स्टार्टरच्या पेटीवर रंगाने लिहून ठेवावेत, म्हणजे दुरुस्तीनंतर वायरमनला पुन्हा तेच लावता येईल.

"मी शेवटी का? माझे पाणी कमी पडेल," असे कोणी म्हणेल. त्याचाही हिशेब करू. शेवटची मोटर पहिलीपेक्षा साडेचार मिनिटे उशिरा सुरू होते. आठ तासांच्या पाळीत 480 मिनिटे असतात. साडेचार मिनिटे म्हणजे शंभरातले एक मिनिटही नाही. तरी मन मानत नसेल तर दर महिन्याला क्रम फिरवा. भाऊबंदकीत पाण्याच्या पाळ्या आपण वाटून घेतोच, त्यातलाच हा प्रकार.

अशा क्रमाने नऊ मोटरी चालू असताना दहावी लागली, तर 72 आणि 48 मिळून 120 अँपिअर होतात, तेही काही सेकंदच. एवढे डीपी सोसते. कुठे 480 आणि कुठे 120, तुम्हीच पाहा.

कपॅसिटर विसरू नका

टाइमरच्या जोडीला प्रत्येक मोटरीला योग्य मापाचा कपॅसिटर असावा. 3 अश्वशक्तीला 1 केव्हीएआर, 5 ला 2 आणि साडेसातला 3, असे साधारण माप आहे. त्याने 5 अश्वशक्तीच्या मोटरीचा चालतानाचा करंट 8 वरून सुमारे 7 वर येतो. दहा मोटरींचे दहा अँपिअर वाचले, म्हणजे डीपीवरचा एका मोटरीपेक्षा जास्त भार उतरला. कपॅसिटर स्टार्टरच्या पुढे, मोटरीच्या बाजूला जोडावा, म्हणजे मोटर बंद झाली की तोही लाइनपासून सुटतो. लाइट बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज राहते, म्हणून त्याला लगेच हात लावू नये.

जिवाची काळजी आधी

ऑटो साधा असो की टाइमरचा, मोटर कोणाला विचारून सुरू होत नाही. लाइट नाही म्हणून एखादा विहिरीत उतरतो, फुटबॉल साफ करतो, पंपाच्या कपलिंगला हात घालतो आणि नेमकी तेव्हाच लाइट येते. टाइमरने मिनिटभराची सवड दिली तरी ती सुरक्षा नव्हे. मोटरीला, पाइपला किंवा पेटीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा, तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत आणि मगच विहिरीत उतरावे. हे घरच्या पोरांना आणि सालगड्यालाही नीट समजावून सांगा.

दुसरे, विहिरीवर माणूस नसताना पंप पाणी सोडून नुसताच फिरू शकतो किंवा एक फेज गेलेली असताना मोटर लागू शकते. दोन्हीत वाइंडिंग जळते. म्हणून पॅनेलमध्ये कोरडी मोटर बंद करणारी आणि फेज गेल्यास मोटर बंद करणारी सोय असावी. पेटीला आणि मोटरीला पक्के आर्थिंग असावे.

थोडक्यात लक्षात ठेवा

1. हाताने मोटर सुरू करणे शक्य असेल तिथे ऑटो लावू नका.
2. ऑटोशिवाय अडतच असेल तर थांबून सुरू करणारा टाइमर घ्या आणि महावितरणला विचारून बसवा.
3. पहिले एक मिनिट मोकळे, पुढे प्रत्येक मोटरीत 30 सेकंदांचे अंतर.
4. प्रत्येक मोटरीला मापाचा कपॅसिटर.
5. फ्यूजच्या जागी जाड तार कधीही नाही. डीपीचे काम लाइनमनचे, आपण हात घालायचा नाही.
6. दुरुस्तीआधी मेन स्विच बंद, फ्यूज खिशात.
7. डीपीतून तेल गळताना किंवा ठिणग्या उडताना दिसल्या, तर लगेच लाइनमनला किंवा महावितरणच्या 1912 या क्रमांकावर कळवा.

बंधू-भगिनींनो, डीपी कोणा एकाची नसते, म्हणून तिची काळजी कोणीच घेत नाही. पण ती जळाली की दहा घरांचा हरभरा एकदम वाळतो. हंगाम ऐन भरात येण्याआधी, पहिल्या पाण्याच्या आत, आपल्या डीपीवरच्या सगळ्यांना एकदा गोळा करा, हा कागद वाचून दाखवा आणि क्रम ठरवून टाका.