पेटी ठेवायची कुठं?



उन्हाळी परीक्षेचे शेवटचे पेपर आले की हिंगोलीच्या बसस्थानकावरची गर्दी बदलते. एरवी तिथं बाजाराला आलेली, कोर्टाच्या तारखेला आलेली, दवाखान्यात आलेली माणसं असतात. मे महिन्यात त्यांच्यात कॉलेजची मुलं मिसळतात. दोरीनं आवळलेली गादी, सुतळीत बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा, हातात बादली आणि बादलीत मग, आरसा, अर्धी उरलेली साबणाची वडी. सेनगावची गाडी लागली की आधी गादी खिडकीतून आत जाते, मग मुलगा दारातून. लोखंडी पेटी असली तर कंडक्टरशी बोलणी करावी लागतात.

मी शिक्षिका. काही वर्षं मुलींच्या एका वसतिगृहाची देखरेख माझ्याकडे होती. म्हणजे खोली सोडणाऱ्यांच्या समोर, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, रजिस्टर घेऊन बसणारी मी. शासकीय वसतिगृहात या माणसाला गृहपाल म्हणतात. कॉलेजच्या वसतिगृहात मुली सरळ ‘मॅडम’ म्हणतात आणि माघारी काय म्हणतात ते मी कधी विचारलं नाही.

रजिस्टरमधले रकाने ठरलेले. कॉट, गादी, टेबल, खुर्ची, पंखा, बल्ब. ग्रंथालयाची पुस्तकं परत, मेसची बाकी चुकती, मग ‘नो ड्यूज’वर सह्या आणि शेवटी अनामत. अनामतीची पावती निम्म्या मुलींकडून हरवलेली असते, त्यामुळे तीनशे रुपयांसाठी एक अर्ज लिहावा लागतो. तो अर्ज लिहिताना ज्या मुलीनं आत्ताच राज्यशास्त्राच्या पेपरात पुरवण्या जोडल्या, तिला ‘महोदय’च्या पुढं काय लिहावं ते सुचत नाही. बल्बचं तर विचारूच नका. पहिली मुलगी स्वतःचा बल्ब काढून नेते, मग दुसरी शेजारच्या खोलीतला आणून लावते, आणि संध्याकाळपर्यंत एकच बल्ब सहा खोल्यांत तपासला जातो.

हे सगळं गमतीचं आहे. गंभीर गोष्ट आहे ती फळ्यावरच्या सूचनेत. ‘शेवटचा पेपर झाल्यावर दोन दिवसांत खोली रिकामी करावी.’ नियम म्हणून यात चूक नाही. प्रवेश दरवर्षी नव्यानं होतात, रंगरंगोटी करायची असते, उन्हाळ्यात बोअरचं पाणी आटतं, स्वयंपाकीणबाईंनाही गावाकडं जायचं असतं. पण ही सूचना लिहिणाऱ्याच्या मनात एक घर असतं. त्या घरात आईवडील आहेत, दार उघडं आहे आणि एका कोपऱ्यात पेटी ठेवायला जागा आहे. आपल्या जिल्ह्यात ही तिन्ही कलमं एकाच घरात सापडतीलच असं नाही.

एका मुलीला मी विचारलं, “पेपर संपून तीन दिवस झाले, अजून इथंच?” ती म्हणाली, “मॅडम, घराला कुलूप हाय. माय-बाप भट्टीवर हाईत, पाऊस पडल्याबिगर येत नाहीत.” वीटभट्टीचं काम उन्हावर चालतं, त्यामुळे मे महिन्यात ही कुटुंबं गावात नसतात. दिवाळीच्या सुट्टीत तर उलटाच प्रकार. कारखान्यांचा हंगाम तोंडावर असतो, टोळ्या ऊसतोडीला निघालेल्या असतात, आणि नेमकं तेव्हाच वसतिगृह म्हणतं, घरी जा. कोणत्या घरी?

ज्यांचे आईवडील घरी आहेत त्यांच्याकडं बघा. वसमत, कळमनुरी, औंढा हा सगळा हळदीचा पट्टा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. फेब्रुवारीपासून हळद निघायला लागते. ती शिजवायची, खळ्यावर वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची. पोरगा घरी पोचतो तेव्हा एक तर पोती भरणं चालू असतं, नाही तर पुढच्या लागवडीसाठी बेणं निवडणं. बापाला मनापासून आनंद होतो, कारण एक माणूस वाढलं. भाव येईपर्यंत पोती घरातच राहतात. दोन खोल्यांच्या घरात आतल्या खोलीत हळद आणि बाहेरच्या खोलीत माणसं, अशी वाटणी झालेली असते. मग पोराची पेटी ओसरीवर, पत्र्याखाली. जूनचा पहिला पाऊस वाऱ्याबरोबर आत येतो आणि बी. ए. दुसऱ्या वर्षाच्या नोट्स भिजतात. ज्यांना हे माहीत आहे ती मुलं नोट्स घरी नेतच नाहीत, धाकट्या वर्गातल्या कुणाला तरी देऊन टाकतात. इतिहासाच्या एका वहीवर मी पाच जणांची नावं एकाखाली एक खोडलेली पाहिली आहेत.

आता थोडं मागं जाते, आपल्याकडची मुलं पूर्वी शिकायला कुठं जात होती तिथवर. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ चं. त्याआधी विद्यापीठ म्हणजे औरंगाबाद, आणि त्याच्याही आधी, निजामाच्या राज्यात, हैदराबादचं उस्मानिया. आपल्याकडची वसतिगृह सोडण्याची सगळ्यात मोठी हकिकत त्या काळातली आहे आणि ती परीक्षा संपल्यावर घडलेली नाही. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादेत उस्मानियाच्या वसतिगृहातली मुलं प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणत होती. ते म्हणायचं नाही असा हुकूम निघाला. मुलांनी ऐकलं नाही. वसतिगृहातून आणि कॉलेजातून त्यांची नावं कमी झाली. शेकडो मुलं भर सत्रात वळकट्या घेऊन बाहेर पडली. संस्थानात कुठं प्रवेश मिळेना. तेव्हा नागपूर विद्यापीठानं दार उघडलं, कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना घेतलं. मराठवाड्यातली किती तरी मुलं अशी वऱ्हाड-नागपूरकडं गेली आणि पुढं त्यांतली बरीच हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात उतरली. त्या हकिकतीत सत्याग्रह येतो, हुकूम येतो. पण त्या मुलांच्या पेट्या कुणी ठेवून घेतल्या, कुणाच्या माडीवर ठेवल्या, हे मला नेहमी विचारावंसं वाटतं. कारण कुणीतरी ठेवल्याच असणार.

मुलींकडं वळते. मुलगा खोली सोडतो तेव्हा जूनमध्ये तो परत येणार हे सगळ्यांनी धरलेलं असतं. मुलीच्या बाबतीत कुणीच काही धरत नाही. मे महिना लग्नसराईचा. न्यायला भाऊ किंवा चुलते येतात, सामान रिक्षात चढवताना सहज बोलतात, “आता शिकून झालं की बास.” मुलगी काही बोलत नाही. मी बघायची ती एकच गोष्ट, तिनं सगळं सामान नेलं का. हुशार मुली सगळं नेत नाहीत. पेटी गावातल्या मैत्रिणीच्या घरी ठेवतात, नाही तर मेसवाल्या काकूंच्या माळ्यावर. घरी सांगायचं, उचलत नव्हती म्हणून ठेवली, जूनमध्ये जाऊन आणते. आणि जून उजाडला की हिंगोलीला यायला कारण तयार असतं. पेटी आणायला यायचं, आल्यासरशी निकाल बघायचा, आल्यासरशी प्रवेशाचा अर्ज भरायचा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे येण्याजाण्याच्या खर्चाचं निमित्तही घरच्यांना फारसं उरलं नाही. एका मुलीच्या पेटीत काय होतं ते मला ठाऊक आहे. दोन जुने ड्रेस आणि वर्तमानपत्रांची रद्दी. ती मुलगी तिसऱ्या वर्षाला परत आली.

ज्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही ती मुलं गावात खोली करून राहतात. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना अशा वेळी २०१६-१७ पासून स्वाधार योजनेचा आधार आहे. महानगरांखेरीज इतर जिल्ह्यांच्या ठिकाणांसाठी या मदतीची रक्कम वर्षाला ४३,००० रुपये ठरली. या मुलांना दोन दिवसांत निघा असं कुणी म्हणत नाही, पण घरमालक मे आणि जूनचंही भाडं मागतो. खोलीत माणूस नाही, फक्त एक पेटी आणि एक गॅसची शेगडी, आणि त्यांचं भाडं दोन महिने चालू. चौघांनी मिळून एकाच खोलीत सगळ्यांचं सामान कोंबायचं आणि भाडं वाटून घ्यायचं, ही युक्ती मुलांनी स्वतः काढली आहे. मला ती फार आवडते.

मग जे मुलांना सुचलं ते वसतिगृहांना का सुचू नये? मी माझ्या वेळी एक खोली मागितली होती. सुट्टीत मुलींच्या पेट्या आणि पुस्तकं ठेवायला, तळमजल्यावरची, खिडकीला गज असलेली. आक्षेप बरेच आले. चोरी झाली तर जबाबदार कोण? उंदीर, वाळवी? कुणी न्यायलाच आलं नाही तर? सगळे आक्षेप खरे आहेत आणि सगळ्यांना उत्तरं आहेत. लोखंडी मांडण्या करा, प्रत्येक पेटीवर नाव आणि गाव लिहा, नोंदवही ठेवा, किल्ल्या दोघींकडं द्या. मौल्यवान वस्तू ठेवायची नाही हे लिहून घ्या. जुलै अखेरची मुदत घाला. आणि न्यायला कुणी आलं नाही तर त्या मुलीच्या घरी फोन करा, कारण ती का आली नाही हे आपल्याला कळायलाच हवं. तिथं उंदरापेक्षा मोठी अडचण असू शकते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. म्हणजे आता शहरात बाहेरची मुलं येतील, नवी वसतिगृहं होतील. नकाशात कपडे वाळवायची जागा असते, वाहनतळ असतो. त्यात दहा बाय बाराची एक सामानखोली बसवायला काही अवघड नाही.

एक अट मात्र माझी कायम राहील. पेट्या ठेवा, पुस्तकं ठेवा, पण गाद्या घरी न्या आणि चांगल्या दोन दिवस उन्हात टाका. सुट्टीत वसतिगृहात राहायची परवानगी ढेकणांना अजून कुणी दिलेली नाही.