गोंदाचं बाटिक: मेण नको, शेगडी नको

आज मागे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. मी द्वारकेला राहतो. नाशकात मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता जिथे एकमेकांना भेटतात ते हे ठिकाण, आणि इथे कायम दोघांनाही घाई असते. खिडकी बंद केलीये, पंखाही बंद केलाय. याच्यापेक्षा जास्त शांतता इथे मिळत नाही.

आज कोडिंग नाही, गॅजेट नाही. आज कापडावर गोंदाने बाटिकसारखी नक्षी कशी करायची ते सांगणार आहे. तुम्ही रील्स बघितल्या असतील. पांढरा गोंद, वर रंग, मग धुतलं की पांढऱ्या रेषा बाहेर येतात. तीस सेकंदांत झालं. खरं सांगतो, तीस सेकंदांत होत नाही, दोन दिवस लागतात. आणि मी पहिल्यांदा केलं तेव्हा आजीच्या साडीचा तुकडा वाया घालवला. ते पण सांगतो.

सुरुवात झाली गेल्या दिवाळीच्या साफसफाईत. माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत जुने स्वेटर, माझी शाळेची प्रगतिपुस्तकं, आणि सगळ्यात खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक कापड. उघडलं तर गर्द तपकिरी रंगावर मोर. पांढऱ्या रेषा, आणि सगळीकडे बारीक बारीक भेगा, जुन्या भिंतीला पडतात तशा. मी विचारलं, "आई, हे कुठून आणलंस?" ती म्हणाली, "आणलं नाही रे, केलंय."

मला अठ्ठावीस वर्षांत माहीत नव्हतं की माझी आई बाटिक करायची. लग्नाआधी शिकली, नंतर घरी ऑर्डरी घ्यायची. चादरी, ड्रेस मटेरियल, भिंतीवर लावायचे गणपती. मग बंद का केलंस, असं विचारल्यावर तिने माझ्या डाव्या पायाकडे बघितलं. माझ्या पावलावर रुपयाच्या नाण्याएवढा एक डाग आहे. लहानपणी काहीतरी गरम सांडलं होतं, एवढंच मला सांगितलेलं. ते मेण होतं. मी अडीच वर्षांचा होतो. एका खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत बाटिकची शेगडी, आणि त्याच खोलीत मी. त्या दिवसानंतर तिने मेणाचं पातेलं पुन्हा चढवलं नाही.

त्या रात्री मी शोधायला बसलो की मेणाशिवाय हे करता येतं का.

आधी खरं बाटिक काय असतं ते थोडक्यात. बाटिक हा जावा बेटावरचा शब्द आहे. वितळलेल्या मेणाने कापडावर नक्षी काढायची. मेणाला पाणी चालत नाही, त्यामुळे कापड रंगात बुडवलं की मेणाखालचा भाग कोरा राहतो. मग उकळत्या पाण्याने मेण काढायचं. दुसरा रंग हवा असेल तर पुन्हा मेण, पुन्हा रंग. त्या ज्या भेगा मला मोरावर दिसल्या, त्या मेणाला तडे जाऊन आत रंग शिरल्यामुळे पडतात. पॅराफिन मेण ठिसूळ असतं, ते जास्त तडकतं. मधमाश्यांचं मेण लवचिक असतं, ते कमी तडकतं. आई म्हणते, दोन्हींचं मिश्रण किती करायचं यातच अर्धी कला आहे.

इंडोनेशियाच्या बाटिकला २००९ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत जागा मिळाली. तारीख होती २ ऑक्टोबर. आपल्याकडे गांधी जयंती, तिकडे तेव्हापासून बाटिक दिन. रवींद्रनाथ टागोर १९२७ मध्ये जावाला गेले होते आणि तिथलं बाटिक बघून भारावले. पुढे शांतिनिकेतनात बाटिक रुजलं आणि तिथून ते देशभरातल्या हौशी लोकांपर्यंत पसरत गेलं. आईच्या शेगडीपर्यंत ते कोणत्या वाटेने आलं कुणास ठाऊक, पण आलं.

आता गोंद. तत्त्व तेच आहे: जिथे रंग नकोय तिथे आधी काहीतरी अडसर ठेवायचा. फरक एवढाच की मेणाला पाण्याचं वावडं आहे आणि गोंद पाण्यात विरघळतो. त्यामुळे गोंद लावलेलं कापड रंगाच्या बादलीत बुडवायचं नाही. बुडवलं तर गोंदही जाईल आणि नक्षीही. रंग ब्रशने वरून लावायचा. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तर निम्मं काम झालं.

आता माझी चूक. घरात स्वयंपाकघराच्या कपाटांचं काम झालं होतं, त्यातला सुतारकामाचा गोंद उरला होता. पांढरा तो पण पांढरा, शाळेतला पण पांढरा, म्हटलं काय फरक पडतो? आजीची एक जुनी सुती साडी होती, फिकट पिवळी, विरत आलेली. त्यातला चांगला राहिलेला तुकडा घेतला. नक्षी काढली, रंगवलं, वाळवलं, धुवायला टाकलं. दोन तास झाले तरी गोंद हलेना. घासला तर कापड फाटायला लागलं. तो गोंद पाण्याला टिकण्यासाठीच बनवलेला असतो, फर्निचर पावसाळ्यात सुटू नये म्हणून. मी डब्यावरचं वाचलंच नव्हतं. इंजिनीअर माणूस, टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनला.

आई बाजूला उभी होती. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आधी चिंधीवर करून बघायचं असतं रे." आणि आत निघून गेली. मला तिचं रागावणं परवडलं असतं.

तर आता नीट पद्धत सांगतो. मोबाईल बाजूला ठेवून ऐका, किंवा नंतर हे लिहिलेलं वाचा.

कापड शंभर टक्के सुती घ्या, पांढरं किंवा फिकट. पहिल्या वेळी रुमालाएवढंच, बारा बाय बारा इंच. नवं कापड असेल तर आधी धुवा, कारण त्यात खळ असते आणि खळीवर रंग नीट धरत नाही. वाळवून इस्त्री करा. खाली दुधाच्या रिकाम्या पिशव्या कापून, धुऊन पसरा, नाहीतर कापड टेबलाला चिकटेल.

गोंद शाळेतला, ज्याच्यावर धुता येतो असं लिहिलेलं असतं तो. आणि तरीही आधी चिंधीवर एक रेघ मारायची, वाळवायची, कोमट पाण्यात टाकायची. गेला तरच पुढे जायचं. ही आईची पायरी आहे, ती गाळायची नाही.

नक्षी पेन्सिलने हलकी काढा. जावामध्ये मेण ओढायला लाकडी दांड्याचं आणि तांब्याच्या चोचीचं एक अवजार असतं. आपल्याकडे त्याच्या तोडीचं काय आहे माहितीये? मेंदीचा कोन! रिकामा कोन आणा, नाहीतर दुधाच्या पिशवीचा घरीच करा, त्यात गोंद भरा. ज्याला मेंदी काढता येते त्याला हे येणारच. डिझाइन सुचत नसेल तर ठिपक्यांची रांगोळी काढा. ठिपके आणि सरळ रेषा गोंदात फार छान उठतात. रेघ दोन-तीन मिलिमीटर जाड हवी, आणि गोंद कापडाच्या मागच्या बाजूला उतरला पाहिजे. उलटून बघा. मागे ओल दिसली नाही तर तिथून रंग आत शिरणार.

मग रात्रभर वाळू द्या. पावसाळ्यात पूर्ण एक दिवस. घाई म्हणून इस्त्री फिरवू नका, उष्णतेने गोंद कापडात घट्ट बसतो.

रंग अ‍ॅक्रिलिक, किंवा कापडासाठी मिळतात ते. एक भाग रंग, साधारण एक भाग पाणी. पातळ फार केला तर तो गोंदाखाली पसरतो आणि गोंदही विरघळवतो. ब्रश घासू नका, अलगद टेकवत जा. गोंदाच्या रेषेवरून रंग गेला तरी चालतो, ती रेष त्याच्यासाठीच आहे. मग पुन्हा चोवीस तास वाळवा. अ‍ॅक्रिलिक एकदा वाळला की पाण्याने निघत नाही, आणि आपला सगळा खेळ याच्यावरच आहे: रंग न निघणारा, गोंद निघणारा.

शेवटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. गोंद बुळबुळीत होतो. बोटाने चोळा, राहिलाच तर जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने काढा. खालून पांढऱ्या रेषा वर येतात, तो क्षण खरंच भारी असतो. सावलीत वाळवा आणि मग, गोंद पूर्ण गेल्यानंतरच, उलट्या बाजूने इस्त्री करा म्हणजे रंग पक्का बसेल.

मी दुसऱ्यांदा हे सगळं नीट केलं. रुमाल छान झाला. आईला दाखवला. तिने खिडकीशी नेऊन उजेडात बघितला आणि म्हणाली, "चांगलं आहे. पण हे बाटिक नाही. भेगा कुठे आहेत?"

झालं! मग भेगांचा शोध. उत्तर डब्यात सापडलं: मैदा. अर्धी वाटी मैदा, अर्धी वाटी पाणी, दोन चमचे तुरटीची पूड. गुठळ्या न होता घोटायचं आणि कापडाच्या चारी कडा टाचण्यांनी पुठ्ठ्याला ताणून त्यावर पातळ थर पसरायचा. वाळला की कापड आक्रसतं, पापडासारखं होतं. मग ते हातात धरून चुरगाळायचं. थराला तडे जातात. वरून जरा दाट रंग ब्रशने त्या तड्यांत भरायचा, वाळवायचा, भिजवून मैदा खरवडून काढायचा. खरवडलेला मैदा बेसिनमध्ये टाकू नका, पाइप तुंबतो. आमचा तुंबलाय.

चुरगाळायच्या वेळी आई आली आणि कापड माझ्या हातातून घेतलं. "असं नाही. मधून धर, छत्रीसारखं. भेगा मोराच्या पिसाऱ्यासारख्या बाहेर पळाल्या पाहिजेत." तिचे हात आपोआप चालत होते. मी फक्त पुठ्ठा धरून उभा. मग तिने न विचारता दुसरा तुकडा घेतला.

आता मुद्द्याचं. हे नकली आहे का? इंग्रजीत याला सरळ नकली बाटिकच म्हणतात. मला विचाराल तर पद्धत नकली नाही. राजस्थानात दाबू छपाईत मेणाच्या जागी चिखल, चुना आणि डिंक असतो. जपानमध्ये तांदळाची खळ वापरतात. नायजेरियात योरुबा बायका कसाव्याच्या पिठाची खळ लावून निळीत कापड रंगवतात. म्हणजे पीठ आणि चिकट काहीतरी लावून रंग अडवणं ही कुठल्या रीलवाल्याची आयडिया नाही, जुनी विद्या आहे.

पण नाव मात्र खरं सांगायचं. याचं कारण माझ्या खिडकीखालूनच जातं. हा मुंबई-आग्रा रस्ता पुढे इंदूरला जातो. इंदूरपासून साधारण पंचावन्न किलोमीटरवर उज्जैन, आपल्यासारखंच सिंहस्थाचं गाव, आणि तिथेच भैरवगढ. तिथे आजही छिपा कारागीर मेणाचं बाटिक करतात. तिकडे कच्छमध्ये मुंद्र्यालाही करतात. ते लोक गरम मेणाजवळ उभे राहून, कापड पुन्हा पुन्हा बुडवून काम करतात, आणि त्यांचा रंग धाग्याच्या आत जातो. आपला अ‍ॅक्रिलिक धाग्याच्या वर बसतो, म्हणून कापड थोडं कडक लागतं. आपण दोन दिवसांत रुमाल करून ऑनलाइन ‘हँडमेड बाटिक’ म्हणून विकायला लागलो, तर त्यांच्या पोटावर पाय येतो. घरी करा, भेट द्या, विका पण. फक्त ‘गोंदाची नक्षी’ म्हणा. आईचा हा नियम आहे, आणि मेणाची किंमत तिला माहीत आहे.

शेवटचं. परवा रात्री मी मीटिंग संपवून बाहेर आलो तर आई जेवणाच्या टेबलावर कोन घेऊन बसली होती. मोरच काढत होती. म्हणाली, "शेगडी नाही, धूर नाही, कुणी मध्ये रांगत येत नाही. हे बरंय." मी म्हटलं, "आई, तेव्हा तुझी चूक नव्हती गं." ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "हलू नकोस, टेबल हलतंय."

तर मंडळी, या रविवारी एक चिंधी घ्या आणि एक रेघ मारून बघा. आणि घरच्या मोठ्यांना विचारा की तुम्ही पूर्वी हाताने काय करायचात आणि ते बंद का केलंत. उत्तर ऐकून घ्या. भेटू पुढच्या भागात.