विश्वामित्रीचा काठ आणि आपण



मी बँकेतला कारकून, प्राणिशास्त्राचा जाणकार नव्हे. पण कामावर जाता-येता काळा घोडा पुलावरून विश्वामित्री रोज दिसते. थंडीत उन्हं वर आली की मगरी काठच्या चिखलावर जबडा उघडून पडलेल्या असतात आणि जवळच बगळे निर्धास्त उभे. पुलावर स्कूटर थांबवून बघणारे चार जण असतातच. भरवस्तीत मगरी नांदतात अशी शहरं विरळाच!

ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी सोसायट्यांच्या अंगणात आल्या, तेव्हा ओरड झाली, यांना हलवा. माझ्या मते दोष त्यांचा नाही. मगर काठाच्या मातीत बिळं करते, उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथंच अंडी घालते. काठची कोतरं पावसाचं जादा पाणी पोटात घेतात. त्यांत आपण भराव टाकून बंगले उठवले. मग पाणी जाणार कुठं, आणि मगर तरी?

२०२५ मध्ये नदी खोल-रुंद करण्याचं काम निघालं. गाळ काढा, राडारोडा उचला, जरूर. पण काठ सिमेंटनं बांधू नका.

सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये याच काठी बाग करून दिली, हे आपण दर जयंतीला सांगतो. मात्र निवडणुकीत उमेदवार मंडळात आला की आपण मागतो काय, तर कार्यक्रमाला हॉल! पुढच्या खेपेला काठाचं विचारा, आणि उत्तर सहीनिशी लिहून घ्या.