मागायचं कोणत्या शब्दात?



बँकेत, नगरपरिषदेत, विम्याच्या कागदावर चार इंग्रजी शब्द आपल्याला सारखे भेटतात: रिक्वेस्ट, डिमांड, क्लेम आणि अपील. चारींचा अर्थ आपण 'मागणं' असाच धरतो. पण मागण्या-मागण्यात फरक असतो. तो कळला नाही, तर हक्काचं असलेलंही आपण हात जोडून मागत बसतो.

आपल्या हुपरीचंच बघा. इथं कितीतरी बायका घरी बसून चांदीचं काम करतात. पुढच्या कामावर थोडी उचल द्या, असं शेठना म्हटलं, तर ती रिक्वेस्ट. म्हणजे विनंती. द्यायचं की नाही, हे त्यांच्या हातात. पण काम पुरं करून माल पोचवला आणि ठरलेली मजुरी मागितली, तर ती डिमांड. तेव्हा चिठ्ठीत 'मजुरी द्यावी ही विनंती' असं लिहू नका. 'अमुक तारखेला इतका माल दिला, त्याची इतकी मजुरी येणं आहे, ती द्यावी' असं लिहा. बोलणं नम्र ठेवा, पण येणं आहे त्याला येणंच म्हणा.

ओळखायची खूण सोपी आहे. समोरच्याला 'नाही' म्हणायची मोकळीक आहे का? असेल तर रिक्वेस्ट, नसेल तर डिमांड.

हाच डिमांड शब्द लग्नाच्या बैठकीत आला, की जपून. मुलीला मागणी आली, तर घरात आनंद होतो. पण 'मुलाकडच्यांची डिमांड काय?' असं कुणी विचारलं, की तो हुंडा. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानं हुंडा नुसता मागणं हासुद्धा गुन्हा आहे, मग तो दिला असो वा नसो. त्याला ६ महिने ते २ वर्षं कैद सांगितली आहे. आडून मागितलं तरी गुन्हाच. 'डिमांड नाही हो, आमची आपली एक रिक्वेस्ट' असं गोड बोलून तो सुटत नाही.

आता क्लेम. क्लेम म्हणजे दावा: हे माझं आहे आणि हा त्याचा पुरावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात. खातेदाराचा अपघाती मृत्यू झाला, तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. पण ते आपोआप येत नाहीत. वारसानं बँकेत क्लेमचा फॉर्म आणि कागदपत्रं द्यावी लागतात. म्हणून घरात कुणाचा विमा आहे आणि वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय, हे आजच विचारून ठेवा.

राहिलं अपील. रक्तदानाचं अपील म्हणजे आवाहन. कचेरीतलं अपील वेगळं. तिथं आधी मागितलेलं मिळालं नाही, म्हणून वरच्याकडं दाद मागायची. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं घ्या. त्याच्या इंग्रजी मजकुरात माहिती मागण्याला रिक्वेस्टच म्हटलंय. शब्द मऊ आहे, पण मागं कायदा आहे. म्हणून अधिकाऱ्याला ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. माहिती कशाला पाहिजे, हे आपण सांगायची गरज नाही. नकार द्यायचा तर कायद्यातलं कारण त्यांनी लेखी द्यायचं. उत्तर आलं नाही, तर पुन्हा नवा अर्ज करून वाट बघत बसू नका. मुदत संपल्यापासून ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडं पहिलं अपील करा. तिथंही काम झालं नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं अपील करता येतं.

म्हणजे नुसत्या शब्दावर जाऊ नका. त्याच्या मागं कायदा आहे का, ठरलेला व्यवहार आहे का, हे बघा. आणि कागद कोणताही असो, तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मुदत मोजायची ती त्या तारखेपासून.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला एकेक अडलेला कागद आणा. मिळून वाचा आणि एकच प्रश्न विचारा: यात समोरच्याला 'नाही' म्हणायची मोकळीक आहे का? मग काय लिहायचं, ते तुमचं तुम्हालाच सुचेल.